मागे काय दिसतंय?

मराठी मध्यमवर्गीय घरात कोरी भिंत नसते. रंगारी आपले डबे उचलून गेला की त्या संध्याकाळपुरती ती असते, दुसऱ्या दिवशी खिळे परत येतात. आमच्या हॉलच्या चार भिंती घ्या. एकीवर लग्नात आलेलं घड्याळ, त्याखाली कालनिर्णय, आणि कालनिर्णयच्याच खिळ्याला अडकवलेली दुधाच्या हिशेबाची वही. दुसरीला शोकेस. तिच्यात वक्तृत्वस्पर्धेची एक ढाल, आग्र्याहून आणलेला संगमरवरी ताजमहाल, आणि खास पाहुण्यांसाठी म्हणून राखलेला, त्यामुळे कुठल्याच पाहुण्याला न मिळालेला कपबश्यांचा सेट. तिसरीवर आजोबा-पणजोबा, चंदनाच्या हारांसकट. चौथी भिंत म्हणजे खिडकी आणि तिच्यासमोर दांडीवर वाळणारे कपडे. या सगळ्यापुढे एखादं माणूस बसवून व्हिडिओ काढला, तर बघणारा त्या माणसाकडे बघतच नाही. तो आधी घड्याळात किती वाजलेत ते बघतो, मग ढालीवरची अक्षरं लावायचा प्रयत्न करतो, आणि शेवटी पणजोबांचं नाक या पिढीत कुणाकडे आलंय ते ताडतो.

हे सगळं एरवी माझ्या ध्यानात आलं नसतं. पण लेक परदेशात आहे आणि तिच्या स्वयंपाकाची वेळ नेमकी आमच्या झोपेच्या वेळेवर येते. "आई, आमटीत चिंच आधी की गूळ?" हा प्रश्न मध्यरात्री आला की उत्तर झोपेतच दिलं जातं, आणि झोपेतलं उत्तर दर वेळी वेगळं असतं. शेवटी लेकीनेच सांगितलं, एकदा सगळं रेकॉर्ड करून ठेव, म्हणजे मी बघत बघत करीन. करायचं हिने, बोलायचं हिने, आणि मी निवृत्त असल्यामुळे कॅमेरामन मी, हे कुणी ठरवण्याची गरज पडली नाही.

स्वयंपाकघरात चित्रीकरण शक्य नव्हतं. ओट्यासमोर फ्रिज आहे आणि दोघांच्या मधे एक माणूस मावतो, तोही आडवा वळून. कॅमेरा फ्रिजला टेकवून ठेवला तर दही काढायला दर वेळी चित्रीकरण थांबणार. म्हणून टेबल हॉलमध्ये आलं, त्यावर इंडक्शनची शेगडी आली, आणि शेगडीच्या मागे ढाल, ताजमहाल आणि पणजोबा आपापल्या जागी होतेच.

भाचा मुंबईत चित्रपटांच्या व्हीएफएक्सचं काम करतो. म्हणजे नट उडी मारतो गोरेगावात आणि दिसतो हिमालयात, ही मधली सोय तो बघतो. त्याने घर पाहिलं आणि एका वाक्यात निकाल दिला : "मामा, मागे हिरवा पडदा लावा, बाकी माझ्यावर सोडा."

हिरवा पडदा म्हटला तरी त्यात निवड असते. भिंतच रंगवता येते, पण मग पाहुण्यांना रोज उठून उत्तरं द्यावी लागतात. जमिनीवरच्या पेटीतून वर ओढायचा गुंडाळीचा पडदा मिळतो, तो झकास असतो आणि किंमतही झकास असते. तारेच्या कड्यावर ताणलेला घडीचा पडदा मिळतो. तो जावयासारखा आहे : आला की क्षणात सगळी खोली व्यापतो, आणि परत पिशवीत जायचं म्हटलं की घरातली सगळी माणसं लागतात. काहीच न लावताही भागतं म्हणे, संगणक स्वतःच अंदाजाने माणूस कातरून मागचं काढून टाकतो. पण तो अंदाज म्हणजे अंदाजच. २०२० सालच्या टाळेबंदीतल्या ऑनलाइन सभांत सगळ्यांनी पाहिलंय, बोलता बोलता कुणाचा कान जायचा, कुणाच्या हातातला चहाचा कप नाहीसा व्हायचा आणि माणूस हवा प्यायचा. तेव्हा साधं कापड घ्यायचं, मोठ्या पन्ह्याचं, म्हणजे मधे शिवण यायला नको, असं ठरलं आणि आम्ही रविवार पेठेत गेलो.

"हिरवं दाखवा," असं म्हटल्यावर दुकानदाराने हिच्याकडे पाहून हसत विचारलं, "कुणाचं डोहाळजेवण?"

"नाही हो, पडद्याला हवंय."

"खिडकीच्या?"

"नाही, मागे लावायला."

कशाच्या मागे, हे त्याने विचारलं नाही. त्याने ताग्यांवर तागे उलगडले. बाटली हिरवा, मेंदी, पिस्ता, शेवाळी, मोरपंखी, कैरी. आम्हाला हवा होता तो झगझगीत पोपटी, जो शहाणं माणूस ना अंगावर घालतं ना खिडकीला लावतं. तो सगळ्यांत खाली होता. साटीन मी नको म्हटलं, कारण चकाकणारं कापड दिव्याचा प्रकाश परत फेकतं आणि तिथे हिरव्याऐवजी पांढरा डाग दिसतो. सुती, जाडसर, बिनचमकीचं एक निघालं. हिने ते दोन बोटांत चुरगाळून पाहिलं आणि सवयीने विचारलं, "रंग जाईल का हो?"

"गॅरंटी ताई, अजिबात जाणार नाही."

मी गप्प राहिलो. तो रंग जावा एवढ्यासाठीच तर आम्ही पैसे मोजत होतो.

तो कसा जातो, हे भाच्याने मला समजावलं ते असं. संगणकाला भिंत कुठली आणि मामी कुठली हे कळत नाही. त्याला एवढंच सांगायचं, की हा अमुक रंग दिसला की तिथे काही नाहीच असं धर आणि दुसरं चित्र लाव. मग रंग असा निवडायचा, जो माणसाच्या अंगावर नसतो. माणूस गोरा असो वा सावळा, कातडीचा रंग तांबूस-नारिंगी बाजूला झुकलेला असतो, हिरवा त्यापासून लांब. दुसरं कारण कॅमेऱ्याच्या पोटात आहे. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावावर १९७६ सालचं एक पेटंट आहे. त्यात कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंगांच्या गाळण्या चौकटीचौकटीने मांडल्या आहेत : दर चार चौकटींत एक लाल, एक निळी आणि दोन हिरव्या. आपल्या डोळ्याला बारकावे मुख्यतः हिरव्या भागातून कळतात, म्हणून कॅमेऱ्यातही हिरव्याला दुप्पट जागा. आजही बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल याच मांडणीवर चालतात. अर्थात कॅमेऱ्याला सर्वांत स्पष्ट दिसतो तो हिरवा, आणि जे सर्वांत स्पष्ट दिसतं तेच पुसून टाकायला सोपं. यातली विसंगती मला आवडली. हिला आवडली नाही, पण तोवर कापडाचे पैसे देऊन झाले होते.

कापड टांगण्यात कौशल्य आहे हे कापड टांगल्यावर कळतं. घडीची एक रेघ राहिली की तिच्या एका अंगाला सावली पडते, आणि संगणकाला तिथे पोपटीऐवजी मेंदी दिसतो, खालच्या चुणीत बाटली हिरवा दिसतो. दुकानदाराने दाखवलेले सगळे तागे एकाच कापडात हजर. मग इस्त्री, मग दांडीवर चिमटे, मग खालच्या काठाला वजन म्हणून वरवंटा. दिवेही लागतात आणि ते पडद्याला वेगळे, माणसाला वेगळे. माणसाचा दिवा पडद्यावर पडून सावली आली की खेळ संपला. आणि माणसाने पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे राहायचं, नाहीतर पडद्यावरून उसळलेला हिरवा उजेड कानांच्या कडांना, केसांना आणि चष्म्याला लागतो. चाचणीसाठी आधी मी बसलो होतो. मला केसांचा प्रश्न नाही, पण टकलाला आहे. भाचा लॅपटॉपवर पाहून म्हणाला, "मामा, तुमच्या डोक्यावर शेवाळ आलंय."

आमचा हॉल चौदा फूट लांब. पडदा, पुढे सहा फूट मोकळी जागा, मग ही, मग टेबल, मग कॅमेरा. हिशेबाने कॅमेरामन बाल्कनीत जातो. तेव्हापासून मी तुळशीच्या कुंडीशेजारी उभा असतो, आणि समोरच्या इमारतीतल्या काकूंनी माझी चौकशी दोनदा आमच्या मोलकरणीकडे केली आहे.

पहिला मान कांदेपोह्यांचा. ही मन लावून बोलली, फोडणी तडतडली, पोहे परतून वाफ आली, वर खोबरं, वर कोथिंबीर, आणि बशी कॅमेऱ्यापुढे धरली. भाच्याने चाचणीपुरतं मागे कोकणातल्या समुद्रकिनाऱ्याचं चित्र लावून ठेवलं होतं. आम्ही तिघं लॅपटॉपवर ओणवून बघत होतो.

पोह्यांमधून समुद्र दिसत होता. कोथिंबिरीची जेवढी पानं, तेवढ्या बारीक बारीक खिडक्या पोह्यांना पडल्या होत्या आणि प्रत्येकीतून लाटा. फोडणीतला कढीपत्ता नाहीसा. मिरचीचे तुकडे नाहीसे. स्टीलचं पातेलं लख्ख घासलेलं, त्यात मागचा पडदा उमटलेला, म्हणून पातेल्याच्या पोटालाही एक मोठं भगदाड आणि त्यातून एक होडी चाललेली. आणि हिच्या हातात नेहमीच्या हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. त्यामुळे कोपरापासून मनगटाच्या अलीकडेपर्यंत हात, मग दोन बोटं समुद्र, आणि मग एक सुटा पंजा, पोह्यांची बशी धरून अधांतरी.

भाच्याने ओबीएस नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्या सरकवायला सुरुवात केली. 'साम्य किती धरायचं' ही एक पट्टी असते. ती कमी केली की कोथिंबीर परत येते, पण तिच्याबरोबर पडद्याच्या चुण्याही परत येतात आणि माणसाभोवती हिरवी किनार उमटते. वाढवली की किनार जाते, चुण्या जातात आणि कोथिंबीर पुन्हा समुद्रात. अर्धा तास कोथिंबीर येत-जात राहिली.

"मामी," तो शेवटी म्हणाला, "कोथिंबिरीशिवाय चालेल का?"

हिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"बरं. मग निदान बांगड्या काढल्यात तर..."

बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणणारं घर आमचं. स्वयंपाकघरातून कुकरच्या वाफेचा आवाज तेवढा येत राहिला.

"बांगड्या निघणार नाहीत," ही म्हणाली. "कापड काढ."

मला त्या क्षणी या सगळ्या तंत्रामागची माणसं डोळ्यांपुढे आली. ज्यांनी हिरवा निवडला ते तिकडे चेहऱ्याकडे बघत होते, कातडीच्या रंगापासून लांबचा रंग शोधत होते, आणि त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. मनगटाकडे बघायचं त्यांना कारण नव्हतं. आपल्याकडे नव्या नवरीचा चुडा हिरवा, डोहाळजेवणाची साडी हिरवी, ओटीतला खण बहुधा हिरवा, गुढीला कडुलिंब, दाराला आंब्याचे टाळे, आणि कुठल्याही पदार्थावर, तो बिघडला असला तर जास्तच, कोथिंबीर. ज्या रंगाशिवाय घर भरल्यासारखं वाटत नाही, नेमका तोच रंग 'इथे काही नाही' म्हणून यंत्राला शिकवलेला. मोरपिशी पैठणी नेसून कुणी त्या पडद्यापुढे उभं राहिलं, तर काठ आणि मुखडा एवढंच शिल्लक राहायचं.

पर्याय निळ्याचा होता आणि खरं तर निळाच आधीचा. १९४० सालच्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये लॅरी बटलर याने निळ्या पडद्यापुढे चित्रीकरण करून ही किमया केली आणि त्याला ऑस्कर मिळालं. पुढे 'बेन-हर'च्या वेळी, म्हणजे १९५९च्या सुमारास, पेट्रो व्लाहोस नावाच्या माणसाने ते तंत्र इतकं सुधारलं की केसांच्या कडाही नीट येऊ लागल्या. डिस्नेवाल्यांनी तर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांनी उजळलेला पडदा वापरला. १९६४ सालची 'मेरी पॉपिन्स' तशी केली आहे आणि तिच्यातली टोपीची पातळ जाळीसुद्धा धड दिसते. पण त्यासाठी कॅमेऱ्यात एक खास लोलक लागायचा आणि ते लोलक हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच होते. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा निळा मागे पडून हिरव्याचं राज्य आलं. तरी अडल्याला निळा उपयोगी पडतोच. २००२च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये नायकाचा वेश लाल-निळा म्हणून त्याला हिरव्यापुढे आणि खलनायक अंगभर हिरवा म्हणून त्याला निळ्यापुढे उभं केलं होतं. दोघांची मारामारी होताना ते एकमेकांपुढे असतील असं आपल्याला वाटतं एवढंच.

माझ्या मनात मात्र तेव्हापासून एक कोडं राहिलंय. मुरलीधराला कुठल्या पडद्यापुढे उभं करायचं? अंग निळं, मोरपीस हिरवं-निळं, पितांबर पिवळा, ओठ आणि तळवे लाल. कुठलाही रंग धरा, देवाचं काहीतरी जाणारच. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, पौराणिक मालिकांत या भानगडी रोजच्याच असतात, मग बसून एकेका चौकटीवर हाताने मोरपीस कातरावं लागतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन' केला तेव्हा चित्रपट रंगीत नव्हता, हे एका अर्थी बरंच झालं. आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग केलेल्या माणसाला चमत्कारासाठी पडद्याच्या रंगाची गरज नव्हती.

निळं कापड आणलं आणि जमलं. मराठी ताटात निळं काही नसतं, याकडे इतकी वर्षं जेवूनही माझं लक्ष गेलं नव्हतं. वांगं आणि जांभूळ कडेकडेने जातात, पण वाचतात. गॅसची ज्योत निळी असते, मात्र आमची शेगडी इंडक्शनची. निळ्याला दिवे जास्त लागतात, ते भाच्याने आणून दिले. स्टीलच्या जागी लोखंडी कढई आली आणि भाज्यांना बरी चव आली, हा फायदा कुणी मोजला नव्हता. पोपटी कापडही वाया गेलं नाही. पुढे भाचीचं डोहाळजेवण निघालं तेव्हा झोपाळ्याच्या मागे तेच लागलं. दुकानदार चुकला नव्हता, जरा आधी बोलला होता.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न समोर आला. मागचं सगळं गेलं, आता मागे काय लावायचं?

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. संगीत नाटक कंपन्या गावोगाव जायच्या तेव्हा त्यांच्या सामानात रंगवलेले पडदे असायचे : राजवाड्याचा, रस्त्याचा, जंगलाचा. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव असे पडदे रंगवण्यात नावाजलेले होते, तिथूनच ते सिनेमाकडे वळले. फोटो स्टुडिओतही पडदा असे. जिना, खांब, तळं, तळ्यात हंस. जत्रेत तर लाकडी विमानात बसून फोटो निघायचा. आमच्या घरी एका काकांचा काश्मीरच्या पडद्यापुढचा फोटो आहे, पायांत चपला आणि हातात छत्री. काका काश्मीरला गेले होते असं त्या फोटोवरून कुणालाही वाटलं नाही, आणि वाटावं अशी काकांचीही इच्छा नव्हती. पडदा पडद्यासारखाच दिसायचा, ती एक हौस होती. आताचं चित्र खरं वाटतं आणि तिथेच पंचाईत होते, कारण मग खोटं बोलावं लागतं. टाळेबंदीतल्या एका ऑनलाइन सभेत आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी मागे छतापर्यंत पुस्तकांची कपाटं लावली होती. त्यांना ओळखणाऱ्या आम्हा सगळ्यांना ती सभा संपेपर्यंत फार जड गेली.

भाच्याने हिच्यापुढे तयार स्वयंपाकघरांची चित्रं ठेवली. संगमरवरी ओटा मधोमध, छतावरून लोंबणारे दिवे, एका काचेच्या भांड्यात सात लिंबं. हिने एकेक चित्र बारकाईने पाहिलं.

"यात झारा कुठे अडकवतात?"

"मामी, ते नुसतं चित्र आहे."

"पोळपाट कुठाय? तेलाची किटली? या बाईने कधी फोडणी केली असेल असं वाटत नाही. लेक बघेल आणि विचारेल, आई, तू कुणाच्या घरी स्वयंपाक करतेयस?"

मग कोकण नको, सह्याद्री नको (डोंगरावर कोण पुरण वाटतं?), कोरा राखाडी रंग नको (दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं). शेवटी हिनेच सांगितलं, "आपल्याच ओट्याचा फोटो काढा आणि तो लावा. पण थांबा, आधी पुसून घेते."

दोन दिवस पुसणं चाललं. टाइल्स लख्ख झाल्या, डबे उंचीप्रमाणे लागले, मिक्सरला टोपी आली, चहाच्या गाळण्याला पहिल्यांदाच स्वतःचा हूक मिळाला. मी स्टुलावर चढून फोटो काढला. भाचा तोवर मुंबईला गेला होता, त्याने फोनवर ऐकून घेतलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या धंद्यात माणसाला त्याच्याच घरात नेण्यासाठी कुणी एवढा खर्च केला नसावा. पण परिणाम उत्तम आला. हॉलमध्ये उभी राहून, निळ्या कापडापुढे, ही आमच्याच स्वयंपाकघरात दिसू लागली. खऱ्या स्वयंपाकघरापेक्षा हे जरा स्वच्छ आणि पुष्कळ मोठं. लेकीला फरक कळला नाही. "आई, ओटा किती छान ठेवलायस," असं तिने कळवलं, आणि हिने ते खोडून काढलं नाही.

एकेक व्हिडिओ लेकीकडून चुलत-मावसभावंडांत फिरू लागला. कटाची आमटी झाली, अळूचं फदफदं झालं. अळूची पानं जशीच्या तशी, देठांसकट दिसली, तेव्हा हिने निळ्या कापडाला स्वतः इस्त्री केली. थालीपीठ झालं. मग एक दिवस नागपूरहून बहिणीचा फोन आला. मी उचलला तर म्हणाली, "दादा, वहिनीला दे, घाईचं आहे."

"वहिनी," ती म्हणाली, "सगळे बघितले, छान झालेत. पण मागच्या गॅसवर तू कुकर चढवलायस तो उतरव बाई आता. पुरणाच्या वेळी होता, अळूच्या वेळी होता, परवा थालिपिठांच्या वेळीही तिथेच. शिट्टी कशी होत नाही? रिंग गेली असेल. माझं लक्ष पाककृतीत लागत नाही, सारखं वाटतं भात करपतोय."

हिने फोन ठेवला आणि मला स्टूल आणायला सांगितलं.